कॉलसाठी ब्लूटूथ हेडसेट पारखण्याची पद्धत

ब्लूटूथ हेडसेट हाती आला की बहुतेक जण आधी एखादे गाणे लावून पाहतात. आवाज भरदार वाटला आणि कानात नीट बसला की हेडसेट पसंत होतो. पुढे चार-आठ दिवसांत "तुमचा आवाज तुटतोय", "जरा मोठ्याने बोला", "तुम्ही गाडीत आहात का?" अशी विचारणा सुरू होते आणि सगळा दोष नेटवर्कच्या माथी मारला जातो. वास्तविक चूक तपासणीच्या पद्धतीत असते. आपला आवाज पलीकडे कसा पोहोचतो, हे हेडसेट घालणाऱ्याला कधीच ऐकू येत नाही, आणि कॉलसाठी घेतलेल्या हेडसेटची खरी कसोटी तीच असते. म्हणून पलीकडे एक परीक्षक बसवावा आणि पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत. क्रम बदलल्यास एका दोषाचे खापर दुसऱ्यावर फुटते.

गाण्यावरून कॉलचा अंदाज का बांधू नये

गाणे ऐकताना फोन आणि हेडसेट यांच्यात ए२डीपी ही जोडणी चालू असते. तिच्यात आवाज फोनकडून हेडसेटकडे एकाच दिशेने वाहतो. कॉल लागताच दोघेही एचएफपी, म्हणजे हँड्स-फ्री जोडणीवर येतात. या जोडणीत आवाज दोन्ही दिशांनी जातो, तो स्टिरिओऐवजी मोनो होतो आणि त्याचा दर्जाही उतरतो. आवाज दाबून पाठवण्याच्या आणि पलीकडे पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. जुन्या सीव्हीएसडी कोडेकमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, तर एमएसबीसी कोडेकमध्ये १६,०००. खोक्यावर ठळकपणे छापलेली एएसी, एलडॅक यांसारखी नावे गाण्यांच्या जोडणीतील कोडेकची असतात आणि साध्या मोबाइल कॉलशी त्यांचा संबंध नसतो. एलई ऑडिओ ही ब्लूटूथची नवी ध्वनिपद्धत आणि त्यातील एलसी३ कोडेक बोलण्यासाठीही वापरता येतो, मात्र त्यासाठी फोन आणि हेडसेट दोन्हींकडे ती सोय असावी लागते.

ब्लूटूथच्या आवृत्तीचा आकडा पाहून भुलू नये. ५.० ऐवजी ५.३ लिहिलेले असले म्हणून बोलण्याचा आवाज सुधारतो असे नाही. तो मुख्यतः माइकची जागा, त्याने टिपलेल्या आवाजावर होणारी प्रक्रिया आणि वापरलेला कोडेक यांवर ठरतो.

*सावधान:* अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत दिसणारा ब्लूटूथ ऑडिओ कोडेक हा गाण्यांसाठीचा असतो. तो बदलून कॉल सुधारण्याचा खटाटोप करू नये.

टप्पा १ : आपली गरज कागदावर उतरवणे

हे काम पाच मिनिटांचे आहे, तरी ते टाळले जाते. आपण बहुतेक वेळा कुठे बोलतो, सलग किती वेळ बोलतो, चालताना बोलतो की बसून, फोन कोणत्या खिशात असतो, एकाच वेळी फोन व लॅपटॉप असे दोन्ही जोडावे लागतात का, आणि एक कान मोकळा ठेवण्याची गरज आहे का, ही उत्तरे लिहून ठेवावीत. बंद खोलीत दिवसभर बोलणाऱ्याला वाऱ्याच्या चाचणीचे महत्त्व नाही. रस्त्याने चालत बोलणाऱ्याला तेवढ्या एका चाचणीवरून हेडसेट नाकारता येतो.

तोंडाजवळ येणारी दांडी असलेला हेडसेट आणि कानातच मावणारे इयरबड यांतील निवडही इथेच करावी. मोकळ्या जागेत माइकचे तोंडापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते, पण आजूबाजूचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. इयरबडचा माइक गालाच्या मागे असतो, आणि ही उणीव तो सॉफ्टवेअरच्या जोरावर भरून काढतो. ज्याचे पोट फोनवरच्या बोलण्यावर चालते, त्याने दिसण्याचा विचार बाजूला ठेवून दांडीचा माइक आधी तपासावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

टप्पा २ : साधने आणि परीक्षक यांची तयारी

हेडसेट पूर्ण चार्ज करावा. उत्पादकाच्या अ‍ॅपमध्ये फर्मवेअरचे, म्हणजे हेडसेटमधील अंतर्गत सॉफ्टवेअरचे, अद्ययावतीकरण उपलब्ध असल्यास ते आधीच करून घ्यावे, कारण चाचणीच्या मध्यावर ते केल्यास आधीच्या नोंदी निरुपयोगी ठरतात. फोनवर पूर्वी जोडलेले इतर हेडसेट आणि घड्याळ यांचे ब्लूटूथ तात्पुरते बंद ठेवावे. अँड्रॉइडवर त्या हेडसेटच्या नावापुढील सेटिंगमध्ये फोन कॉल आणि मीडिया असे दोन वेगळे पर्याय असतात. त्यांपैकी कॉलचा पर्याय चालू असल्याची खात्री करावी. इयरबड असल्यास सोबत आलेल्या सर्व मापांच्या रबरी टोप्या घालून पाहाव्यात. सैल टोपीमुळे बड कानात फिरतो, माइकची दिशा बदलते, आणि माइकलाच नावे ठेवली जातात.

परीक्षक म्हणून आपला आवाज ओळखणारी, शांत खोलीत बसू शकणारी आणि स्पष्ट बोलणारी व्यक्ती निवडावी. भिडेखातर "छान येतोय आवाज" म्हणणारा परीक्षक कामाचा नाही. त्याने फोन कानाला लावून ऐकावे, स्पीकरवर नव्हे, आणि प्रत्येक चाचणीत ऐकू आले ते लिहून घ्यावे. एका चाचणीत आपण काय वापरत आहोत, हेडसेट की नुसता फोन, हे त्याला सांगू नये.

त्यानंतर वाचायचा मजकूर तयार करावा. "हॅलो, ऐकू येतंय का?" हे वाक्य चाचणीसाठी टाकाऊ आहे, कारण ते अर्धे ऐकले तरी कळते. त्याऐवजी असा मजकूर घ्यावा:

"सोमवारी सकाळी साडेसहाला सर्वांनी फाटकाशी थांबावे. पाकिटावर सदुसष्ट लिहा, अडुसष्ट नको. शिल्लक सत्तावन्न हजार आठशे एकोणसाठ आहे. ती रक्कम आज पाठवू नका."

पहिल्या वाक्यात स आणि श दाटीने आले आहेत. जुन्या पद्धतीच्या टेलिफोन आवाजात सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, आणि स या ध्वनीतील बरीच ऊर्जा त्याच्या वर असते. त्यामुळे दर्जा घसरला की आधी हेच ध्वनी बोथट होतात. सदुसष्ट-अडुसष्ट, सत्तावन्न-अठ्ठावन्न या जोड्यांत फरक फक्त सुरुवातीच्या अक्षरांत आहे. शेवटच्या वाक्यातला नकार अगदी टोकाला येतो, जिथे बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली उतरतो. गोंगाट कापणाऱ्या प्रक्रियेने ते शेवटचे "नका" गिळले, तर पलीकडचा माणूस रक्कम पाठवून मोकळा होईल.

*सावधान:* प्रत्येक चाचणीत आकडे बदलावेत. तेच आकडे दुसऱ्यांदा आले की परीक्षक ते ऐकत नाही, आठवतो.

टप्पा ३ : आधी नुसता फोन

हेडसेटला हात लावण्यापूर्वी फोन कानाला लावून, त्याच जागी बसून, तोच मजकूर वाचावा आणि परीक्षकाच्या नोंदी घ्याव्यात. पुढील प्रत्येक तुलना या मापाशी करायची आहे. ही पायरी वगळणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक होय, कारण त्यानंतर ऐकू आलेला बोथटपणा नेटवर्कचा की हेडसेटचा, हे ठरवण्याचा मार्गच उरत नाही. नेटवर्कने किंवा पलीकडच्या फोनने आवाजाचा पट्टा अरुंद केला असेल, तर कितीही चांगला हेडसेट त्यात सुधारणा करू शकत नाही.

साधा मोबाइल कॉल आणि इंटरनेटवरून केलेला कॉल, दोन्ही प्रकारे हे करावे. दोन्हींत प्रतिध्वनी आणि गोंगाट यांवरची प्रक्रिया सारखी नसते, त्यामुळे एकीकडे उत्तम ठरलेला हेडसेट दुसरीकडे सुमार निघू शकतो.

*तपासणी:* सर्व चाचण्या संपल्यावर पुन्हा एकदा नुसत्या फोनवरून बोलावे. सुरुवातीच्या मानाने आवाज बराच बिघडलेला असल्यास नेटवर्क बदलले आहे, आणि मधल्या नोंदी रद्द समजून चाचणी दुसऱ्या वेळी घ्यावी.

टप्पा ४ : शांत खोलीत

खिडक्या आणि पंखा बंद करून हेडसेटवरून तोच मजकूर बदललेल्या आकड्यांसह वाचावा. परीक्षकाला तीन गोष्टी विचाराव्यात: आवाज ओळखू येतो का, शब्दांच्या सुरुवाती आणि शेवट शाबूत आहेत का, आणि बोलणे थांबल्यावर मागे खरखर किंवा एकदम मृत शांतता येते का. शांततेचा हा प्रश्न किरकोळ वाटला तरी तो विचारावाच, कारण पलीकडून काहीच ऐकू येईनासे झाले की माणसाला कॉल तुटला असे वाटते आणि तो दर वाक्यागणिक "हॅलो, हॅलो" करू लागतो.

यानंतर दहा सेकंद पूर्ण गप्प राहून हळू आवाजात फक्त "हो" म्हणावे. पुन्हा दहा सेकंद थांबून "नाही" म्हणावे. गोंगाट रोखणारी प्रक्रिया शांततेत दार लावून घेते आणि बोलणे सुरू झाल्यावर ते उघडायला उशीर करते. अशा हेडसेटवर एकेका शब्दाची उत्तरे अर्धी कापली जातात. लांब वाक्यांत हा दोष झाकला जातो, म्हणून तो दुकानात कधी दिसत नाही.

इयरबड असल्यास दोन्ही, केवळ डावा आणि केवळ उजवा, अशा तीन चाचण्या घ्याव्यात. काही जोड्यांत एका बाजूचा माइक उघडच कमी प्रतीचे काम करतो.

*सावधान:* फोनमधील रेकॉर्डर अ‍ॅपवर बोलून हेडसेटचा माइक तपासू नये. हेडसेट जोडलेला असूनही अनेक अ‍ॅप फोनच्याच माइकवरून आवाज घेतात, आणि ऐकणारा त्या स्वच्छ आवाजावर खूश होऊन हेडसेट विकत घेतो. आपला आवाज स्वतः ऐकायचा असल्यास परीक्षकाच्या संमतीने कॉल पलीकडच्या बाजूला ध्वनिमुद्रित करावा.

टप्पा ५ : गोंगाटात

इथे एक गैरसमज आधी दूर करावा लागतो. एएनसी, म्हणजे सक्रिय ध्वनिरोध, हेडसेट घालणाऱ्याच्या कानापर्यंत येणारा गोंगाट कमी करतो. पलीकडच्याला ऐकू जाणारा गोंगाट कमी करण्याची सोय वेगळी असते आणि ती सहसा ईएनसी या नावाने लिहिली जाते. एएनसी चालू केल्यावर स्वतःला शांत वाटते, म्हणून पलीकडेही शांतता असेल असे गृहीत धरून लोक भर रस्त्यात महत्त्वाची बोलणी उरकतात. पलीकडच्या माणसाला मात्र हॉर्न आणि त्याखाली दबलेले शब्द एवढेच ऐकू येतात.

गोंगाटाचे तीन प्रकार वेगवेगळे तपासावेत आणि ते एकत्र मिसळू नयेत.

पहिला, एकसुरी आवाज. पंखा किंवा वातानुकूलन यंत्र जवळ चालू ठेवून मजकूर वाचावा. एकसारखा आवाज ओळखून वजा करणे सोपे असल्याने साधारण हेडसेटही यात उत्तीर्ण होतो, आणि विक्रेत्याचे प्रात्यक्षिक बहुधा याच प्रकारचे असते.

दुसरा, माणसांचे बोलणे. खोलीत टीव्हीवर बातम्या लावून, त्याचा आवाज आणि आपले त्यापासूनचे अंतर प्रत्येक चाचणीत तेवढेच ठेवून, मजकूर वाचावा. कोणता आवाज आपला आणि कोणता परका, हे ठरवणे इथे प्रक्रियेला अवघड जाते. चांगला हेडसेट परके बोलणे पूर्ण पुसत नाही, पण आपल्या शब्दांना धक्का लावत नाही; वाईट हेडसेट दोन्ही कापतो आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा गुळगुळीत होतो. या दोन दोषांत थोडा गोंगाट परवडला, तुटलेले शब्द परवडत नाहीत.

तिसरा, वारा. टेबलफॅन साधारण हातभर अंतरावरून आधी समोरून आणि मग बाजूने चेहऱ्यावर सोडावा. हवा माइकच्या छिद्रावर आदळून होणारा फडफडाट बंद खोलीतल्या पंख्याच्या गुणगुणीपेक्षा निराळा असतो. पहिल्या प्रकारात उत्तीर्ण झालेले अनेक हेडसेट इथे सपशेल आपटतात. मान डावीकडे-उजवीकडे वळवून कोणत्या बाजूला बिघाड होतो तेही नोंदवावे.

*तपासणी:* प्रत्येक प्रकारात परीक्षकाने लिहिलेले आकडे आपण वाचलेल्या आकड्यांशी ताडून पाहावेत. "बरा वाटला" या शेऱ्यापेक्षा चुकलेल्या आकड्यांची नोंद अधिक विश्वासार्ह असते.

टप्पा ६ : प्रतिध्वनी आणि एकाच वेळी बोलणे

हेडसेटचा आवाज पूर्ण वाढवावा, पण त्याआधी बड कानातून थोडे दूर करून कर्कशपणाचा अंदाज घ्यावा. आता परीक्षकाने बोलत राहावे आणि त्याला स्वतःचाच आवाज उशिराने परत ऐकू येतो का ते सांगावे. तसे होत असल्यास दोष आपल्या बाजूला आहे: आपल्या कानातल्या स्पीकरचा आवाज आपल्याच माइकमध्ये शिरतो आहे. उलट, आपल्याला आपला आवाज परत ऐकू येत असेल तर बहुधा पलीकडच्या साधनाचा दोष असतो. ही उलटापालट लक्षात न घेतल्याने चांगले हेडसेट परत केले जातात आणि सदोष हेडसेट घरात राहतात.

त्यानंतर दोघांनी एकाच वेळी एक ते वीस आकडे मोजावेत. प्रतिध्वनी दाबणारी प्रक्रिया ढोबळ असेल तर एकाचे आकडे मध्येच गायब होतात. वाद, वाटाघाटी किंवा तातडीची सूचना अशा बोलण्यात हा दोष फार जाचतो.

टप्पा ७ : अंतर, खिसा आणि अडथळे

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि पाण्याने भरलेले मानवी शरीर त्या लहरी चांगल्याच शोषते. त्यामुळे दहा मीटर पल्ल्याचा आकडा तपासण्यापेक्षा आपला खिसा तपासणे महत्त्वाचे. फोन आधी हेडसेटच्याच बाजूच्या खिशात, मग विरुद्ध बाजूच्या मागच्या खिशात आणि शेवटी पाठीवरच्या पिशवीत ठेवून प्रत्येक वेळी चालत बोलावे.

ही चाचणी घराबाहेर, मोकळ्या मैदानात घ्यावी. खोलीत भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरी शरीराला वळसा घालून हेडसेटपर्यंत पोहोचतात आणि सगळे सुरळीत वाटते. उघड्यावर परावर्तनाला काहीच नसते आणि त्याच खिशातून आवाज तुटू लागतो. घरात निर्दोष चालणारा हेडसेट मैदानात का अडखळतो, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

घरात परतल्यावर वाय-फाय राउटरजवळ आणि चालू असलेल्या मायक्रोवेव्हजवळ उभे राहूनही एकदा बोलून पाहावे, कारण ते याच पट्ट्याच्या आसपास काम करतात.

*सावधान:* वाहन चालवताना किंवा रस्ता ओलांडताना कोणतीही चाचणी घेऊ नये.

टप्पा ८ : कानाला सोसते का

हेडसेट सलग तासभर घालून बसावे. दुकानातील दोन मिनिटांत कोणताच हेडसेट टोचत नाही. चष्मा वापरणाऱ्यांनी तो घालूनच हे करावे, कारण काडीवर दाब येऊन कानामागे दुखू लागते.

कान बंद करणाऱ्या टोप्यांमुळे स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि माणूस नकळत एक तर ओरडू लागतो किंवा पुटपुटू लागतो. काही हेडसेटमध्ये बोलताना आपला आवाज माफक प्रमाणात आपल्याच कानात सोडण्याची सोय असते. ती असल्यास चालू करून लांबलचक कॉलवर अनुभव घ्यावा.

टप्पा ९ : बटणे आणि दोन जोडण्या

हेडसेट न पाहता कॉल घेणे, ठेवणे, म्यूट करणे आणि आवाज कमी-जास्त करणे जमते का ते पाहावे. स्पर्शाने चालणाऱ्या बडवर डोक्यावरचे केस सारखे करताना कॉल बंद होतो का, हेही पाहावे. म्यूट केल्यावर परीक्षकाला खरोखर काही ऐकू येत नाही ना, याची खात्री करावी, आणि म्यूट असल्याची खूण कानात मिळते का ते नोंदवावे.

दोन साधने जोडता येणारा हेडसेट असल्यास लॅपटॉपवर व्हिडिओ चालू असताना फोनवर कॉल मागवावा, तो संपवावा आणि आवाज परत लॅपटॉपवर येतो का ते पाहावे. दोन जोडण्यांची अडचण बहुधा या परतीच्या वाटेवर होते. शेवटी, हेडसेट बंद करून कॉल चालू राहतो आणि फोनवर सरकतो की तुटतो, हे तपासावे.

टप्पा १० : बॅटरी

खोक्यावरचे तास बहुधा गाण्यांचे आणि मध्यम आवाजाचे असतात, आणि कधीकधी त्यांत इयरबड ठेवायच्या डबीतील चार्जिंगही मिळवलेले असते. बोलण्याचे तास वेगळे छापलेले असल्यास तेच पाहावेत. कॉलमध्ये माइक आणि त्याची प्रक्रियाही सतत चालू असल्याने ते सहसा कमी असतात. मोजणी घड्याळ लावून सलग कॉलवरच करावी. बॅटरी संपत आल्याची सूचना आणि प्रत्यक्ष बंद पडणे यांत किती मिनिटे मिळतात, हेही लिहून ठेवावे. सूचना दर मिनिटाला बोलण्यावर कुरघोडी करत असेल तर तोही दोष धरावा. नवीन असतानाच हेडसेट आपल्या दिवसाला जेमतेम पुरत असेल तर तो घेऊ नये, कारण लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापराबरोबर घटतच जाते.

टप्पा ११ : निर्णय आणि परतीची तयारी

सर्व टप्प्यांना गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत मोहक असली तरी फसवी आहे. माणसांच्या गोंगाटात निम्मे आकडे चुकवणारा हेडसेट उत्तम बॅटरी आणि देखण्या डबीच्या गुणांवर सहज वर येतो. त्याऐवजी टप्पा १ मध्ये लिहिलेल्या गरजांपैकी ज्या दोन-तीन बाबतींत तडजोड शक्य नाही, त्यांत नापास झालेला हेडसेट तिथेच बाजूला काढावा आणि उरलेल्यांची तुलना इतर मुद्द्यांवर करावी. दोन हेडसेटमध्ये मन अडकले असेल तर एकाच दिवशी, एकाच जागेवरून, त्याच परीक्षकाला पाठोपाठ ऐकवावे. आठवड्याच्या अंतराने केलेली तुलना स्मरणावर चालते.

परतीच्या मुदतीची तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी आणि टप्पा ५ व ७ मुदतीच्या पूर्वार्धातच उरकावेत. हेडसेट परत करायचा ठरल्यास फोनच्या ब्लूटूथ यादीतून त्याचे नाव काढावे, हेडसेटला मूळ स्थितीत आणण्याची क्रिया करावी, उत्पादकाच्या अ‍ॅपमधील खात्यातूनही तो काढून टाकावा, आणि वापरलेल्या टोप्या पुसून सर्व मापांसह खोक्यात ठेवल्या आहेत का ते मोजून पाहावे.